मिरगीची गोळी, दारू आणि मुलांचा अभ्यास



"गोळ्या सुरू केल्यापासून पोरगा मठ्ठ झाला," ही तक्रार मिरगीच्या रुग्णाच्या घरी हमखास ऐकू येते. पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "शेवटी तीही एक नशाच!" पहिल्या वाक्यात पुष्कळदा तथ्य असते. दुसऱ्यामुळे मात्र गोळ्या परस्पर बंद होतात आणि मुलाचा जीव धोक्यात येतो.

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या साहाय्याने बोलतात. ती वीज आवरणारा एक ब्रेक मेंदूतच असतो. तो अपुरा पडला की फिट येते. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या फेनोबार्बिटोनने फिट कमी होतात, हे १९१२ साली जर्मनीत हाऊप्टमान यांनी दाखवले. स्वस्त असल्याने ते आजही वापरात आहे. पण ब्रेक दाबलेल्या गाडीची चाल मंदावणारच! मूल वर्गात पेंगते किंवा उलट चिडके, चंचल होते. सकाळी पाठ केलेला पाढा संध्याकाळी विसरते. तापात फिट येणाऱ्या लहानग्यांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर हे औषध दिलेल्या गटाचा बुद्ध्यंक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ८ गुणांनी कमी भरला होता.

नंतर आलेल्या कार्बामाझेपिन, लेवेटिरासिटॅम यांसारख्या औषधांत ही सुस्ती बहुधा कमी असते. तरी लेवेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव तापट होतो, आणि टोपिरामेटने ऐन वेळी शब्द आठवत नाही. व्हॅल्प्रोएट गरोदरपणी घेतल्यास बाळाच्या बुद्धीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मुलगी लग्नाच्या वयाची झाली की डॉक्टरांना आधीच विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र सगळा दोष गोळीवर टाकू नका. रात्री फिट आली तर आदल्या दिवशीचा धडा पुसला जातो. शिवाय मुलाला मागच्या बाकावर बसवून ठेवले तर त्याने शिकावे तरी कसे? एक साधी वही करा. गोळी किती वाजता दिली, पेंग केव्हा आली, फिट केव्हा आली, एवढेच लिहा. ओरोसला किंवा बांबोळीला जाताना ती वही सोबत न्या. डोस, वेळ, औषध, सारे बदलता येते. एकाएकी बंद केल्यास मात्र फिटवर फिट येत राहते.

रमजानपूर्वीही हाच सल्ला घ्यावा. काही औषधे सहेरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात, सगळी नाहीत. जागरणानेही फिट येते. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे आपण जाणताच.

आता दारू. "आपल्यात तो प्रश्नच नाही," असे म्हणून चालणार नाही. गोव्याची हद्द जवळ आहे, आणि आपली मुले मुंबईला व जहाजांवर नोकरीला जातात. दारू मेंदूतील तोच ब्रेक दाबते आणि नवी आठवण साठवणारा भाग बधिर करते. खूप प्यालेला माणूस गप्पा मारतो, पण सकाळी त्याला काही आठवत नाही, कारण ते मुळी नोंदलेच गेले नव्हते. दिवसभराचा अभ्यास झोपेत पक्का होतो; दारूची झोप ते काम नीट करत नाही. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर ६ ते ४८ तासांत, मिरगी नसतानाही, फिट येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आणि फेनोबार्बिटोन घेणारा प्याला तर दोघे मिळून श्वासही मंद करतात.

फेनोबार्बिटोनच्या काही पातळ औषधांत मद्यार्क असतो. त्यावरून मनात शंका असेल तर गोळी लिहून मागा. ती हाती येईपर्यंत चालू औषधाचा एकही डोस चुकवू नका.