मुलामा देणारे हात

नेपोलियनच्या काळातलं, शेकोटीवरच्या संगमरवरी फळीवर ठेवायचं सोनेरी घड्याळ पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात विक्रीला येतं, तेव्हा बोली लावणारे आधी तबकडीवरची सही वाचतात. सही घड्याळजीची, कधी नुसत्या दुकानदाराची. घड्याळाचं यंत्र उत्तम असतं यात वाद नाही: एकदा चावी दिली की आठ दिवस चालतं, तासाला आणि अर्ध्या तासाला ठोके देतं. पण भाव चढतो तो भोवतालच्या सोनेरी कांस्यामुळे, आणि ते सोनं चढवणाऱ्याचं नाव त्यावर जवळजवळ कधीच नसतं. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

अशा घड्याळावरची एखादी देवी जवळून बघा. तिच्या वस्त्राची किनार आरशासारखी लखलखते, गाल आणि दंड मात्र मंद, साईसारखे मऊ दिसतात. सोनं एकच, पण किनार अकीकाच्या दगडाने घोटलेली असते. गालावर मीठ, सोरा आणि तुरटी यांचा लेप देऊन, तापवून, तो भाग एकदम पाण्यात बुडवलेला असतो. कुठे चमक ठेवायची आणि कुठे मारायची, हे ठरवायला नजर लागते. शिल्पकाराच्या बरोबरीचं हे काम आहे असं मी मानतो.

त्याआधीचं काम घातक होतं. सोनं गरम पाऱ्यात विरघळवायचं, जास्तीचा पारा चामड्यातून पिळून काढायचा आणि उरलेला लगदा पितळी तारांच्या कुंचल्याने कांस्यावर सारखा पसरायचा. मग वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं. एका थराने भागत नसे, म्हणून पुन्हा लगदा, पुन्हा निखारे. माणूस त्या वाफेवर वाकलेला. काही वर्षांत हात थरथरू लागत, हिरड्या सुजत, दात हलत. ज्याचं सगळं पोट हाताच्या स्थिरतेवर, त्याचेच हात जात.

हे मालकांना दिसत नव्हतं असं नाही. आंत्वान-आंद्रे रावरियो हा नेपोलियनच्या राजवाड्यांना कांस्याच्या वस्तू पुरवणारा नामांकित कारखानदार. तो 1814 मध्ये वारला. मुलामेगारांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधेल त्याच्यासाठी त्याने मृत्युपत्रात 3,000 फ्रँक ठेवले होते. ज्या धंद्यावर आपण मोठे झालो त्या धंद्यातलं विष त्याने उघड मान्य केलं, म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो. फ्रेंच विज्ञान अकादमीने 1818 मध्ये ते बक्षीस रसायनतज्ज्ञ दार्से यांना दिलं. त्यांची युक्ती साधी होती. धुराड्याला एक वेगळी लहान भट्टी जोडायची. तिच्या उष्णतेने धुराड्यातली हवा वर ओढली जाते आणि पाऱ्याची वाफ कामगाराच्या तोंडाकडे न येता त्या हवेबरोबर निघून जाते.

पारा मात्र धंद्यातून लगेच गेला नाही. त्याला मागे सारलं ते विजेच्या मुलाम्याने. 1842 मध्ये क्रिस्तोफ्ल या फ्रेंच कारखानदाराने फ्रान्सपुरते त्याचे हक्क घेतले. या मुलाम्याच्या द्रावणात सायनाइड असतं, म्हणजे तेही विषच, पण निखाऱ्यांवर वाकून पारा उडवण्याची गरज उरली नाही.

लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात, तेव्हा घड्याळाची मागची बाजू दाखवायला सांगा. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं जपून वापरलेलं असतं. मागे आणि आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पुष्कळदा नुसतंच कांस्य राहतं किंवा कुंचल्याचे विरळ फटकारे दिसतात. विजेचा मुलामा द्रावणात बुडवून देतात, तो आतबाहेर सारखा चढतो. जुन्या घड्याळाच्या आतल्या बाजूलाही असं एकसारखं सोनं दिसलं, तर मुलामा बहुधा नंतरचा आहे, आणि वस्तू सजवणाऱ्या मूळ माणसाचं काम खरवडून गेलेलं असण्याची शक्यता आहे. तशा घड्याळावर, तबकडीवरची सही कितीही मोठी असली, तरी मी बोली लावणार नाही.