बाटली विसळू नका



पाण्याचं प्रदूषण आणि पाण्यातली विषारी द्रव्यं यांवर संशोधन करणारी माणसं घडतात कशी, यावर बोला, असं आकाशवाणीने मला सांगितलं आहे. दरवर्षी निकाल लागले की पालक मुलांना घेऊन हेच विचारायला येतात. ‘मॅडम, या लाइनला स्कोप आहे का?’ आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगर्भशास्त्र, प्राणिशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, यांपैकी कुठूनही इकडे येता येतं. एम.एस्सी. करावी, नेटची परीक्षा द्यावी, संशोधनवृत्ती मिळाली की पीएच.डी.ला लागावं. पुढे नीरी, म्हणजे नागपूरची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, लखनौला विषविज्ञानाची संस्था आहे. पीएच.डी. करायची नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, खाजगी प्रयोगशाळा आहेत. एकीकडे सुरुवात करून दुसरीकडे स्थिरावलेले कितीतरी जण माझ्या माहितीत आहेत. पण कुठूनही या, पहिलं काम सगळ्यांना एकच करावं लागतं. पाण्याचा नमुना घ्यावा लागतो. आज मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

नमुना घेणं म्हणजे बाटली भरणं नव्हे. वर्गात मी हे इतक्या वेळा सांगितलंय की माझे विद्यार्थी आजही भेटले की आधी हेच वाक्य म्हणतात. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ती बरोबर ठरते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. नदी तशी नसते. काठाचं पाणी वेगळं, मधल्या धारेचं वेगळं. नाला जिथे मिळतो त्याच्या वरच्या अंगाला वेगळं, खालच्या अंगाला वेगळं. पहाटेचं आणि दुपारचंही वेगळं. मग शीत नेमकं कुठलं घ्यायचं, हे ज्याला कळलं तो संशोधक झाला. यंत्रं त्यानंतर येतात.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते. एका गावच्या नळाचं पाणी जंतूंच्या तपासणीसाठी आणायचं होतं. मी नीटनेटकी मुलगी. नळाखाली बाटली दोनदा स्वच्छ विसळली, भरली आणि एस.टी.ने परत आले. सरांनी विचारलं, ‘विसळलीस?’ मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी नमुना मोरीत ओतला आणि मला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावाला पाठवलं. कारण असं की नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि ते बाटलीतही जंतू मारत राहतं. ते थांबवणारं औषध निर्जंतुक बाटलीत आधीच घातलेलं असतं. मी विसळून ते काढून टाकलं होतं. गाव जे पाणी पीत होतं ते माझ्या बाटलीत नव्हतंच! अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणून सांगते, नमुना घेणं म्हणजे बाटली भरणं नव्हे. हातपंपाचं पाणी घ्यायचं तर आधी काही मिनिटं पंप मारत राहा, नाहीतर पाइपात साचलेल्या पाण्याचीच तपासणी होईल. धातू शोधायचे तर बाटलीत थोडं आम्ल घाला, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. जंतूंचा नमुना बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.

आणि प्राणवायूची बाटली! ती काठावरच बघायची असते. बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं आणि तिथेच दोन द्रावणं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नागपूरच्या नाग नदीवर मी पहिल्यांदा तो पांढरा साका पाहिला तेव्हा कितीतरी वेळ बाटली हातात धरून उभी होते. त्या पाण्यात मासा का नाही, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आता नमुना जपून ठेवण्याबद्दल. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेचं पात्र सरकलं होतं, त्यामुळे नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, शहराचं पाणी जिथून उचलतात तिथपर्यंत पोहोचलं. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था निघाली. तीच १९७४ मध्ये नीरी झाली. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या साथीतल्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर ते तपासले आणि १९८० मध्ये दाखवून दिलं की ही कावीळ तेव्हा माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांतली नव्हती. आज तिला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. नमुना पंचवीस वर्षं टिकला म्हणून हे कळलं.

बंगालचीही एक गोष्ट सांगते. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांच्या कातडीवरचे डाग पाहून पाण्यातलं आर्सेनिक ओळखलं. तळ्याचं घाण पाणी पिऊ नये म्हणून गावोगाव कूपनलिका खणल्या होत्या, आणि विष नेमकं त्याच पाण्यात होतं. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती या कामाला लागले. गावागावांतून पाणी आणलं, माणसांची नखं आणली, केस आणले. २०१८ मध्ये ते गेले, तोवर हेच करत राहिले. एकाने कातडी पाहिली, दुसऱ्याने पाणी. संशोधकाच्या वाटेचा नकाशा मागणाऱ्यांना मी या दोघांची नावं सांगते.

इथे थोडं रागवू द्या. आजची मुलं हुशार आहेत, यंत्र भराभर शिकतात. पण नमुना शिपायाकडून मागवतात आणि बाटलीवरची चिठ्ठी टेबलावर बसून लिहितात. असं करू नका. आणि तुम्हीसुद्धा, श्रोतेहो! पाणी नितळ दिसलं की चांगलं, असं म्हणणं आता सोडा. आर्सेनिकला रंग नसतो, फ्लोराइडला चव नसते. टी.सी.एल.चा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा, वास येतो म्हणून गावच्या जलसुरक्षकाशी भांडू नका. तो वास येतोय याचा अर्थ तो माणूस त्याचं काम करतोय.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे आणि फ्लोराइडचं सगळंच राहिलं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या श्रोत्यांसाठी एवढंच सांगते, की तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करायची पद्धत नीरीने शोधली. नळगोंडा पद्धत म्हणतात तिला. घरच्या बादलीतही ती करता येते, फक्त तुरटीचं प्रमाण तपासणी करूनच ठरवावं लागतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच जणांना, शक्यतो महिलांना, पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवतात. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत ते उद्या विचारा. घरात विज्ञान शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर विहिरीवर पाठवा. आणि बाटली विसळायची की नाही, हे आधी विचारून घ्यायला सांगा.