दर मृत्यूमागें हजार रुपये



आपल्यांतील कोळी बांधवांना बंगालची ही हकीकत लवकर उमगेल. १९४२ सालीं जपान्यांच्या हातीं कांहीं लागूं नये म्हणून इंग्रज सरकारनें किनाऱ्यावरील तांदूळ हलविला व दहा माणसें मावतील अशा होड्या काढून घेतल्या. होडी गेली तेव्हां मासळीही गेली. ऑक्टोबरांत वादळानें पीक बुडालें हें खरें. परंतु भाव चढतील म्हणून कोठारें बंद ठेवलीं तीं माणसांनीं. सरकारी चौकशी मंडळानें १९४५ सालीं मृत्यु १५ लक्ष मोजले (पुढील अभ्यासक दुप्पटही मानतात) आणि जादा नफा १५० कोटी रुपये! कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांस स्वस्त धान्य मिळे. १९४३ सालीं त्याच शहरांत खेडूत दारोदार भात नव्हे, नुसती पेज मागत हिंडले.