पाण्याने निवणारा संगणक



खेळांसाठी हौसेने जुळवलेल्या संगणकात, जिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास तापत राहतात, तिथे विजेच्या शेजारून पाणी खेळवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी अविचाराची वाटेल. परंतु ती शास्त्रशुद्ध आहे.

तापणाऱ्या चिपवर तांब्याचा ठोकळा बसवतात.
त्याच्या पोटात अतिशय बारीक चरी असतात.
पंप त्यांतून पाणी फिरवतो.
पाणी उष्णता उचलते, आणि मोटारीत असतो तशा रेडिएटरमध्ये जाऊन पंख्यांच्या वाऱ्यावर निवते.

याला देखाव्याची जोड देणारेही पुष्कळ. कुणी संगणकाच्या पेटीतच अंतराळयान उभारतो, कुणी आवडत्या खेळातील नगरी. त्यासाठी पाणी वाहून नेणारी अ‍ॅक्रिलिकची नळी गरम हवेने मऊ करून, आत सिलिकॉनची दोरी सारून, हलक्या हाताने काटकोनात वाकवणे, हे खरे कसब. दोरी नसेल तर नळी वळणावर चेपते.

एक सक्त ताकीद.
तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नयेत. अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.
नळाचे पाणीही वर्ज्य. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात शेवाळ व गंज रोखणारे द्रव्य घालावे.

आणि मुख्य गोष्ट: आधी गळतीची तपासणी, मग वीज.
सांध्यांखाली कोरडा टिपकागद ठेवून, केवळ पंपालाच वीज देऊन, शक्यतो 24 तास पाणी फिरू द्यावे.
पुन्हा सांगतो: आधी गळतीची तपासणी, मग वीज.

बेताच्या खेळांसाठी मात्र हा खटाटोप अनाठायी आहे. तिथे साधा पंखा पुरतो.