लेसर दवाखान्यात, शुश्रूषा घरात



अॅसिडहल्ल्यानं चेहऱ्यावर उरलेले व्रण लेसरनं मऊ करता येतात. कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेत बारीक छिद्रं पाडतो; ती भरताना नवी त्वचा घडते. व्रण सौम्य होतो, पुसला जात नाही. एका खेपेत भागतही नाही.

यंत्राचं काम थोड्या वेळाचं, खरी शुश्रूषा घरी. जखम हलक्या हातानं धुवायची, व्हॅसलीन लावून ओलसर ठेवायची, खपली ओढायची नाही. हळद, लिंबू नको. पू किंवा ताप आला तर लगेच दवाखाना. आणि काही महिने ऊन टाळायचं, कारण सावळ्या त्वचेवर काळे डाग उमटण्याचा धोका जास्त.

इथंच अडतं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. बाईला ‘उन्हात जाऊ नका’ सांगणं म्हणजे ‘मजुरी सोडा’ सांगणं. तालुक्याचं नाव सावली, पण बांधीत सावली कुठली?

सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली खाजगी रुग्णालयांनाही अशा बाईवर मोफत उपचार करायला सांगितलं. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार कुठलंही रुग्णालय तिला परत पाठवू शकत नाही. पण बुडालेली मजुरी कोण भरणार?

म्हणून गटांनी दोन कामं घ्यावीत. मनोधैर्य योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तिचा अर्ज पोचवायचा, आणि त्या महिन्यांत तिला छपराखालचं काम मिळवून द्यायचं.

लेसर करायचं की नाही, हे मात्र तीच ठरवेल. चेहरा तिचा आहे.