पावणेदोन पाउंडात लंडन



आज आपण हिंडायला जाण्याविषयी बोलणार आहोत. लांबची सहल नव्हे. ज्या लंडनमध्ये आपण राहतो, भाडं भरतो, मुलं शाळेत पोहोचवतो, त्याच लंडनमध्ये एखाद्या रविवारी डबा बांधून संग्रहालय किंवा नाटक बघायला जाणं. विषय हलका वाटेल. पण आमच्या बचत गटात सगळ्यात मोठे वाद कर्जावरून झाले नाहीत, या हिंडण्यावरून झाले. म्हणूनच तो निवडला.

आम्ही अकरा जणी. शहराच्या कडेला राहणाऱ्या. कोणी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, कोणी वृद्धांच्या सेवाकेंद्रात पाळीवर जाणारी, कोणी घरून डबे देणारी. महिन्याला दहा पाउंड जमा करायचे, कोणाला नड आली तर त्यातून द्यायचे. गावाकडच्या गटात चालतं तसंच. एका बैठकीत बोलता बोलता एक मैत्रीण म्हणाली, “मला इथं येऊन चौदा महिने झाले, पण थेम्स नदी मी अजून टीव्हीवरच बघते.” आम्ही हसलो. मग एकेकीला विचारत गेलो. अकरापैकी सात जणींचं लंडन म्हणजे घर, शाळा आणि किराणा दुकान. एवढंच. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

आम्ही ठरवलं, दहातला एक पाउंड हिंडण्यासाठी बाजूला काढायचा. आमच्या खजिनदार ताई लगेच म्हणाल्या, “आपण इथं पैसे साठवायला आलो. तिकडं घराचा हप्ता थांबत नाही.” त्यांचं चुकीचं नव्हतं. इथला एक पाउंड खर्च करताना आपण सगळ्याच मनात त्याचे रुपये करतो. शेवटी मतं घेतली आणि तो एक पाउंड मंजूर झाला. ताईंनी वहीत तो चोख लिहिला, पण स्वतः कुठं आल्या नाहीत.

पहिली फेरी आमची फसली, तीही सांगायला हवी. शाळांना सुट्टी, त्यात शनिवार. आम्ही अकरा मुलं आणि चार बाबागाड्या घेऊन एका मोठ्या संग्रहालयात गेलो. आगाऊ नोंदणी केली नव्हती. दीड तास रांगेत उभ्या राहिलो, पोरं रडली, आत गेल्यावर दोघी चुकल्या. घरी येताना एक जण म्हणाली, “हे आपल्यासाठी नाही बाई.” हे वाक्य आम्हाला फार लागलं. कारण ते गर्दीबद्दल नव्हतं. इथल्या मोठमोठ्या इमारतींच्या पायऱ्या चढताना आपल्या प्रत्येकीच्या मनात ते कधी ना कधी येतंच.

मग आम्ही नीट माहिती काढली. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांसारख्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमची दालनं बघायला पैसे पडत नाहीत. खास प्रदर्शनांना तेवढं तिकीट असतं. फुकट असलं तरी वेळ आधी नोंदवली की रांग वाचते. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, म्हणजे सकाळच्या पाळीवाल्यांनाही जमतं. राहिला प्रवास. आम्ही सुरुवात केली तेव्हा बसचं भाडं पावणेदोन पाउंड होतं. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात त्याच कार्डावर दुसरी, तिसरी बस धरली तर वेगळे पैसे कापत नाहीत. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट. ट्यूबपेक्षा वेळ जास्त लागतो, पण वरच्या मजल्यावर पुढं बसलं की तीच निम्मी सहल होते.

दुसरी अडचण पैशांची नव्हती. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी वाईहून आल्या होत्या. घरात म्हातारं माणूस ठेवून सुनेनं हिंडायला कसं जायचं? आम्ही म्हटलं, मग सासूबाईंनाच न्यायचं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो. तिथं अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांचं दालन आहे. आंध्रातली अमरावती, कृष्णेच्या काठची. फिकट चुनखडीच्या दगडात कोरलेले हत्ती, कमळं, नमस्कार करणारी माणसं. काही ठिकाणी बुद्धांची मूर्तीच नाही, रिकामं आसन किंवा नुसती पावलं दाखवलीत. हे दगड या संग्रहालयात आले १८८० साली. आमच्यातल्या एकीनं फोनवर वाचून हे सांगितलं. सासूबाईंनी एकच विचारलं, “कंची कृष्णा? आपलीच?” आपलीच. महाबळेश्वरला उगम पावून वाई, सांगली, नरसोबाची वाडी करत पुढं कर्नाटकातून तिकडं जाते तीच. त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले. मग म्हणाल्या, “मी घाटावर धुणं धुतलं, त्याच पाण्याकाठचा दगड माझ्याआधी इथं येऊन बसलाय.”

हे दगड इथं का, असंही एकीनं विचारलं. त्यावर परतीच्या बसमध्ये खूप बोलणं झालं. राज्य कोणाचं होतं, वस्तू कशा गेल्या, परत याव्यात का. एकमत झालं नाही. पण किराणा आणि हवामान सोडून आम्ही तासभर दुसरं काही बोललो, हे घरी पोहोचल्यावर लक्षात आलं. पुढच्या महिन्यात सासूबाईच सुनेला घाई करत होत्या, “आवर गं, बस चुकेल.”

खजिनदार ताई पहिल्यांदा आल्या त्या डॉ. आंबेडकरांच्या घराला. चॉक फार्म स्टेशनापासून चालत जाता येतं, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये इथं शिकत असताना बाबासाहेब या घरात राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे. त्या दिवसांत पैशांची फार ओढाताण होती, तरी ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन् तास वाचत बसत. त्यांचा इथला प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. हे ऐकून ताई थबकल्या. ताईंचं बी. कॉम. लग्नामुळं दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. बाहेर आल्यावर जवळच्या प्रिमरोज हिलवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. समोर सगळं लंडन दिसत होतं. ताई म्हणाल्या, “चणचण त्यांनाही होती. पण म्हणून ते खोलीत बसून राहिले नाहीत.” पुढच्या आठवड्यात त्यांनी हिशेबाच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. प्रवेश अजून मिळालेला नाही. फी जास्त आहे, आणि गटातून किती देता येईल यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.

नाटकाचंही थोडं सांगतो. थेम्सकाठी शेक्सपिअरच्या काळातल्या ग्लोब नाट्यगृहासारखं नाट्यगृह १९९७ पासून सुरू आहे. त्याच्या मधल्या अंगणात उभं राहून बघायचं तिकीट सगळ्यात स्वस्त. वर छप्पर नाही आणि छत्री उघडायची नाही, म्हणून टोपीचा रेनकोट हवा. ‘किंग लिअर’ होतं. इंग्रजी कळणार नाही म्हणून तिघी मागं सरत होत्या. आम्ही आदल्या बैठकीत मराठीत गोष्ट सांगितली. म्हातारा राजा मुलींना राज्य वाटून देतो आणि मग त्यालाच दारोदार व्हावं लागतं. एक जण मध्येच म्हणाली, “अगं, हा तर आपला नटसम्राट!” शब्द निम्मे कळले असतील. पण वादळाच्या प्रसंगात शेजारची गोरी बाई डोळे पुसत होती आणि आमच्याही डोळ्यांत पाणी होतं. पाय दुखले, ते दुसऱ्या दिवशी.

तर मैत्रिणींनो, करायचं असेल तर असं करा. एकदम चार ठिकाणं नकोत, एक ठिकाण, त्यातही एकच दालन. जाण्याआधी त्याची गोष्ट मराठीत ऐकून घ्या. डबा, पाणी बरोबर ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा दारातच ठरवा. आणि दर वेळी वाट दाखवायचं काम नव्या बाईला द्या. जी मागून चालते तिला रस्ता कधीच पाठ होत नाही. थेम्स टीव्हीवर बघणारी आमची मैत्रीण आज नकाशा न उघडता आम्हाला नदीवर नेते. मध्यंतरी रात्री तिच्या मुलाला ताप चढला आणि नवरा कामावर होता. तिनं कोणाला फोन केला नाही. दोन बस बदलून ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. सकाळी आम्हाला कळलं. आम्ही रागावलो, मग तिचा अभिमानही वाटला.

आमच्यातल्या कोणाचा व्हिसा किती दिवस, कोण इथं राहील, कोण परत जाईल, काही सांगता येत नाही. पण जितके दिवस राहू तितके दिवस हे शहर आपल्या ओळखीचं असावं, एवढं तर आपल्या हातात आहे. येत्या रविवारी शेजारणीला नुसतं विचारून बघा, “येतेस का?” ती बहुतेक याचीच वाट बघत असेल.