चिंचोक्यातला वामनवृक्ष

‘बोन्सायचं बी कुठं मिळतं?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही. उत्तर ऐकून विचारणारा जरा हिरमुसतो. कारण बोन्सायचं बी नावाची वस्तूच जगात नाही. ‘बोन’ म्हणजे उथळ तबकासारखी कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावणं. हे झाडाच्या जातीचं नाव नाही, झाड वाढवण्याच्या रीतीचं नाव आहे. फूटभर उंचीच्या चिंचेच्या बोन्सायला शेंगा धरल्या आणि त्यातला चिंचोका तुम्ही शेतात पेरला, तर त्यातून बैलगाड्या सावलीला थांबतील असाच वृक्ष होईल. आपण मराठीत याला वामनवृक्ष म्हणतो, ते फार चपखल आहे. बळीच्या दारचा वामनही दिसायला बटू होता, मूळचा लहान नव्हता.

तरीही ‘बोन्साय सीड्स’ असं छापलेली पाकिटं सर्रास विकली जातात. वर जपानी मेपलचं किंवा पाइनचं देखणं चित्र असतं. आत बी असतं ते साध्या मेपलचं. थंड प्रदेशातल्या अशा पुष्कळशा बियांना उगवण्याआधी दोन-तीन महिने ओलसर गारवा लागतो, कारण हिवाळा सरल्याशिवाय उगवायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तो गारवा फ्रिजमध्ये देता येतो. पण पुढं वैशाखातलं ऊन आणि न येणारा हिवाळा यांचं काय करणार? म्हणून नवशिक्यानं पहिलं झाड आपल्या हवेतलं निवडावं.

त्यासाठी चिंचेसारखी गुरुमाउली नाही. पान बारीक, साल लवकर खडबडीत दिसू लागणारी, स्वभाव सोशिक. आंब्याची कोय पेरण्याचा मोह अनेकांना होतो, पण आंब्याचं पान मोठं. छाटणीनं पान थोडं लहान होतं, फळ मात्र होत नाही. वीतभर झाडावर मुठीएवढा आंबा विनोदी दिसतो. विलायती चिंच चांगली, गोरखचिंचही चांगली. गोरखचिंचेचं बुंध्याशी फुगलेलं खोड लहानपणीच प्रौढ दिसतं. आणि वड, पिंपळ, उंबर तर पक्षीच आपल्या भिंतींवर पेरून जातात. पावसाळ्यात भिंतीच्या फटीतून हळुवार उपटलेलं पिंपळाचं रोप हे बियापासूनचंच रोप असतं, पेरणारा फक्त वेगळा.

चल्लस खेळताना फोडतो तेच चिंचोके घ्यायचे, मात्र भाजलेले किंवा फोडलेले नकोत. दगडावर एका बाजूनं थोडं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावेत. सकाळी जे फुगले असतील ते पेरावेत, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. एक पेरू नका, वीस पेरा. सगळे उगवत नाहीत, उगवलेले सगळे जगत नाहीत आणि जगलेल्यांतून निवड करायला वाव हवा. ऊबदार हवेत साधारण आठ-पंधरा दिवसांत कोंब वर येतो. या दिवसांत सर्वांत मोठा धोका असतो तो प्रेमाचा, म्हणजे जास्त पाण्याचा. माती सतत चिकचिकीत राहिली की बुरशी लागते, कोंब मातीलगत काळा पडतो आणि आडवा होतो. म्हणून मातीत जाडी वाळू आणि विटांचा चाळलेला चुरा भरपूर असावा, शेणखत बेतानं. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी घालावं. घड्याळ बघून घालू नये.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी रोप उपटून त्याचं सोटमूळ कापायचं. इथं अनेकांचा हात थरथरतो. पण सोटमूळ राहिलं तर झाड उथळ कुंडीत कधी बसणारच नाही. ते कापलं की बाजूची मुळं जोर धरतात. त्यांना हातानं चहूबाजूंना पसरवून लावायचं. पुढं बुंध्याशी पंज्यासारखी पसरलेली मुळं दिसतात, ती या दिवसाची कमाई. बियापासून झाड करण्याचा हाच मोठा फायदा: मुळांची मांडणी आणि खोडाचं पहिलं वळण आपल्या हातात असतं.

आणि यानंतर? यानंतर झाडाला वाढू द्यायचं! बोन्साय म्हणजे उपासमार, ही समजूत इथं आड येते. लोक वीतभर रोप लगेच उथळ कुंडीत कोंबतात आणि शेंडा खुडत बसतात. पाच वर्षांनीही ते खोड काडीसारखंच राहतं. खोड जाड होतं ते पानांनी केलेल्या अन्नावर. जितकी पानं, जितकं ऊन, तितकं खोड. म्हणून पहिली काही वर्षं मोठी कुंडी किंवा जमीन, भरपूर ऊन आणि वेळेवर खत. झाड पुरुषभर उंच झालं तरी होऊ द्यावं. मग एका पावसाळ्यात ते खालून छाटायचं, नव्या फुटव्याला अॅल्युमिनियमच्या तारेनं वळण द्यायचं, तार सालीत रुतण्याआधी काढायची आणि पुन्हा वाढू द्यायचं. उथळ कुंडी येते ती सगळ्यात शेवटी. ‘हा झाडाचा छळ नाही का?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की उपाशी, आजारी झाडाचं बोन्साय होत नाही, ते नुसतं मरतं.

या सगळ्याला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. निवृत्तीनंतर हा छंद धरू पाहणारे माझे अनेक स्नेही इथंच थबकतात. ‘आम्हाला बघायला मिळेल का?’ असं हसत विचारतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५पासून तो कुंडीत वाढवला जातो आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं पिढ्यानपिढ्या तो सांभाळला, ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा भिंतीआड तो वाचला आणि १९७६ साली त्या घरानं तो अमेरिकेला भेट दिला. १६२५मध्ये त्याची पहिली निगा राखणाऱ्यानं आजचं झाड पाहिलेलं नाही. पण त्याच्या वाट्याला जी वर्षं आली, त्या वर्षांचं झाड त्यानं पुरेपूर पाहिलं. बोन्साय पुरं कधीच होत नाही. संध्याकाळी पानं मिटून घेणारं दोन महिन्यांचं चिंचेचं रोपही त्या दिवसापुरतं पुरं असतं.

ज्यांना लवकर काही हाताळायचं आहे, त्यांनी रोपवाटिकेतून जाड खोडाचं एखादं रोप आणून छाटणीचा हात साफ करावा. चिंचोके शेजारी वाढत राहतील. येत्या ज्येष्ठात वीस चिंचोके पेरा, कुंडीवर तारीख लिहा आणि पाणी घालायची सवय घरातल्या एखाद्या लहान मुलाला आत्ताच लावून ठेवा.